पाणी वर, गाव खाली

त्रेबोनमध्ये पाणी वर आहे आणि गाव खाली. बाजारचौकातून दक्षिणेच्या वेशीबाहेर पडायचं, ब्रुअरीच्या भिंतीला लागून चालायचं, एक अरुंद पाट ओलांडायचा, की समोर जुन्या ओक वृक्षांची रांग असलेला चढ लागतो. टेकाड असेल असं वाटतं. वर जाऊन उभं राहिलं की पलीकडे दोनशे हेक्टरांवर पसरलेलं पाणी दिसतं आणि मागे वळलं की गावाची लाल कौलं. ते टेकाड म्हणजे तलावाची पाळ. साडेचारशे वर्षांपूर्वी माणसांनी माती वाहून रचलेली.

चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिणेला, ऑस्ट्रियाच्या सीमेपासून फार लांब नसलेलं हे आठेक हजार वस्तीचं गाव. प्रागहून निघायचं, वेसेलीला गाडी बदलायची आणि व्हिएन्नाकडे जाणाऱ्या जुन्या लोहमार्गावरच्या छोट्या गाडीत बसायचं. एका बाजूला पाइनचं रान, दुसऱ्या बाजूला पाणी, मग पुन्हा रान, पुन्हा पाणी. मी नोकरीसाठी प्रागमध्ये राहते आणि इथे सारखी येत असते. माझे वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. पाणी दिसलं की बाकीचे लोक फोटो काढतात, आमच्या घरची माणसं आधी सांडवा कुठे आहे ते शोधतात. त्रेबोनचं वेड मला लागलं ते बहुधा त्यामुळे.

पर्यटनाची पत्रकं या भागाला निसर्गरम्य तलावांचा प्रदेश म्हणतात. १९७७ पासून तो युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांच्या यादीत आहे आणि १९७९ पासून संरक्षित भूप्रदेश. करकोचे आहेत, पाणमांजरं आहेत, पांढऱ्या शेपटीचे समुद्रगरुड आहेत. पण या निसर्गात निसर्गाने आपणहून केलेलं फार थोडं आहे. इथले तलाव म्हणजे मत्स्यतलाव, एकूण एक माणसांनी केलेले. पाट माणसांनी खणलेले, पाळीवरचे ओक माणसांनी लावलेले, इतकंच काय, एक आख्खी नदी माणसांनी काढलेली. हा सगळा भूगोल एका जहागिरीच्या जमाखर्चातून निघाला आहे.

मूळची जमीन अगदी करंटी. एके काळी इथे उथळ सरोवरं होती, त्यांच्या तळाशी साचलेली वाळू आणि चिकणमाती म्हणजे हे त्रेबोनचं खोरं. भोवती उंचवटे, मधे ताटासारखा सपाट तळ. लुझ्नित्से नदी ऑस्ट्रियातून येते आणि इथे पोचल्यावर तिला पुढे जायची घाईच उरत नाही. वळणं घेते, पसरते, साचते. पाण्याला निचरा नाही म्हणून दलदल, दलदलीत न कुजलेल्या झाडपाल्याचे थर म्हणून पीट, पीट म्हणून आम्लधर्मी माती. अशा मातीत गहू कसला येतोय! गावापासून दक्षिणेला चेर्व्हेने ब्लातो नावाचं राखीव दलदली रान आहे, तिथे लाकडी फळ्यांच्या वाटेवरून चालता येतं. सगळा मुलूख पूर्वी कसा होता त्याचा अंदाज तिथे येतो. काळं पाणी, शेवाळाच्या गाद्या, तिथल्या दलदलीतच वाढणारा पाइन, आणि उन्हाळ्यात डास. डासांबद्दल पत्रकात काही लिहिलेलं नसतं.

बाराव्या शतकात व्हितकोव्त्सी नावाच्या सरदार घराण्याने इथे वस्ती वसवली. गावाचं जर्मन नाव विटिंगाऊ त्यांच्यावरूनच. त्याच घराण्याची एक शाखा रोझम्बेर्क. पांढऱ्यावर लाल, पाच पाकळ्यांचा गुलाब हे त्यांचं चिन्ह, दक्षिण बोहेमियात (बोहेमिया म्हणजे चेक देशातला जुना प्रांत) ते जिकडेतिकडे दिसतं. १३६६ मध्ये त्रेबोन त्यांच्या हाती आलं आणि लगेच पुढच्या वर्षी त्यांनी ऑगस्टिनियन साधूंचा मठ स्थापला. या मठाच्या चर्चसाठी १३८० च्या सुमारास एका चित्रकाराने वेदीची चित्रं काढली. त्याचं नाव कुठे नोंदलेलं नाही. कलेच्या इतिहासात तो ‘त्रेबोनच्या वेदीचा उस्ताद’ एवढ्याच ओळखीवर उभा आहे. चित्रं आता प्रागच्या राष्ट्रीय कलादालनात, सेंट अग्नेसच्या मठात आहेत. थडग्यातून उठणारा ख्रिस्त, मागे लालभडक आकाश, आणि समोर आ वासून बघणारे पहारेकरी. असलं चित्र कुणीतरी या चिखलातल्या गावासाठी काढलं याचं मला अजून नवल वाटतं.

गावातली ब्रुअरी आपलं साल १३७९ सांगते. म्हणजे चर्चमधली चित्रं आणि गावातली बिअर साधारण एकाच वयाची.

बाजारचौक लांबट आहे. दोन्ही बाजूंना कमानींच्या ओसऱ्या, त्यावर एकमेकांना खेटून उभी घरं, प्रत्येकाचा दर्शनी माथा वेगळ्या रंगाचा आणि वेगळ्या नक्षीचा. १५४४ मधलं ‘पांढरा घोडा’ नावाचं घर त्यांत सगळ्यात देखणं, पायऱ्यापायऱ्यांचा माथा असलेलं. जुनं नगरभवन १५६६ चं, कारंजं १५६९ चं. ही सालं लक्षात ठेवा, कारण तलावांची सालंही त्यांच्याच मागेपुढे आहेत. हा चौक धान्यावर उभा राहिलेला नाही. तो माशांवर आणि बिअरवर उभा आहे, आणि दोन्ही मागतात पाणी.

मासेच का? कॅथलिक युरोपात शुक्रवारी आणि ईस्टरआधीच्या उपासाच्या आठवड्यांत मांस वर्ज्य, मासा चालतो. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. कार्प मासा उथळ, कोमट, गढूळ पाण्यातही सुखाने वाढतो आणि पाण्याच्या पिंपातून गाडीने जिवंत नेता येतो. (हाच कार्प आपल्याकडे उजनीच्या बाजारात ‘सिप्रनस’ म्हणून विकला जातो. बोहेमियात त्याच्यावर जहागिरी चालल्या.) गव्हाला नालायक ठरलेली जमीन बुडवली तर ती जास्त पैसे देते, हे पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या जहागीरदारांना कळलं आणि मग दक्षिण बोहेमियात तलावांची लाटच आली. ज्याच्याकडे दलदल होती तो भाग्यवान ठरला.

लाटेवर स्वार होणारे पुष्कळ असतात. त्रेबोनला मिळाला श्तेपानेक नेतोलित्स्की. जवळच्याच नेतोलित्से गावचा, रयतेतला, म्हणजे कायद्याने धन्याच्या मालकीचा माणूस. पुढे रोझम्बेर्कांनी त्याला त्या बंधनातून मोकळं केलं. तलाव त्यानेही बांधले, पण त्याचं खरं काम म्हणजे ‘झ्लाता स्तोका’, सोनेरी पाट. मी सुरुवातीला जो अरुंद पाट ओलांडायला सांगितला, तोच. १५०६ च्या सुमारास काम सुरू झालं आणि १५२० पर्यंत चाललं. गावाच्या दक्षिणेला पिलार्श नावाच्या जागी लुझ्नित्सेतून हा पाट निघतो, पंचेचाळीस किलोमीटरांहून अधिक अंतर फिरतो, वाटेत तलावांना पाणी देतो, त्रेबोनमधून जातो आणि उत्तरेला वेसेलीजवळ पुन्हा त्याच नदीला मिळतो.

रुंदीला तीन-चार मीटर. लहान मूलही घाबरणार नाही असा. पण जिथे उतारच नाही अशा मुलखात पाणी स्वतःच्या पायांनी चालत ठेवायचं म्हणजे काय, हे ज्याने कधी पाटाची आखणी केली आहे त्याला विचारा. उतार थोडा जास्त झाला तर पाट पुढच्या तलावाच्या पातळीखाली जातो, थोडा कमी झाला तर गाळाने भरतो. श्तेपानेककडे दुर्बिणीचं यंत्र नव्हतं, समपातळी रेषांचे नकाशे नव्हते. तरी पाट आजही वाहतो, आणि नुसता वाहत नाही, कामावर आहे. तलाव भरतो, तलावांत ताजं पाणी खेळवतो, गिरण्या फिरवायचा, गावकऱ्यांना धुण्या-विसळण्याचं पाणी पुरवायचा. वेगवेगळ्या उंचीवरच्या तलावांची त्याने एक साखळी केली आणि एकच पाणी अनेकदा वापरात आणलं. तलाव ही वस्तू आहे, पाट ही व्यवस्था आहे. मला व्यवस्थेचं कौतुक जास्त, त्यामुळे माझं मत श्तेपानेकला.

लोकांचं मत मात्र याकुब क्रचीनला. स्मारक त्याचं, दंतकथा त्याच्या.

क्रचीन १५३५ मध्ये जन्मला, कोलीन गावचा, गरीब खानदानी घरातला. एका श्रीमंत, वयाने मोठ्या विधवेशी लग्न करून त्याने आपली स्थिती सावरली. व्हिलेम रोझम्बेर्क हा त्या वेळी बोहेमियातल्या सर्वांत बड्या सरदारांपैकी एक, आणि क्रचीन त्याच्या सगळ्या जहागिरीचा मुख्य कारभारी झाला. पेशवाईत शोभला असता. हिशेबात पक्का, कामात धडाडीचा आणि माणसांच्या बाबतीत निर्दय. बिअरच्या भट्ट्या वाढवल्या, शेळ्यामेंढ्या वाढवल्या, आणि तलाव तर असे वाढवले की आधीचे सगळे फिके पडावेत.

१५७१ मध्ये त्याने त्रेबोनच्या दक्षिण वेशीसमोरची उपनगरातली वस्ती पाडली आणि तिथे पाळ घालायला सुरुवात केली. गावकऱ्यांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं साधं होतं: उद्या ही पाळ फुटली तर पाणी थेट आमच्या घरात. क्रचीनने ऐकलं नाही. पाळ झाली, सुमारे दीड किलोमीटर लांब. तलावाचं पहिलं नाव ‘नेव्द्येक’, म्हणजे कृतघ्न. नंतर ते बदलून ‘स्व्येत’, म्हणजे जग, असं गोड झालं. आज त्या पाळीवरून लोक कुत्री फिरवतात, उन्हाळ्यात तलावात होड्या निघतात, आणि ज्यांची घरं तिथे होती त्यांच्याबद्दल कोणी काही बोलत नाही. धरणाच्या काठची बाग पाहताना आपण तरी कुठे बोलतो? पाळ इतकी वर्षं फुटलेली नाही, हे क्रचीनच्या बाजूने मान्य करायला हवं. पण भीती खोटी ठरली म्हणजे ती चूक होती असं नाही.

यानंतर रोझम्बेर्क तलाव. १५८४ ते १५९०. गावाच्या उत्तरेला, चालत गेलं तर तासाभराची वाट. जलक्षेत्र ४८९ हेक्टर, आजही देशातला सर्वांत मोठा मत्स्यतलाव. पाळ जवळजवळ अडीच किलोमीटर लांब आणि तळाशी पन्नासेक मीटर रुंद. आणि हा तलाव नदीच्या बाजूला नाही, नदीवरच आहे. लुझ्नित्से थेट त्यात शिरते. बाकीच्या तलावांना पाटाने हवं तेवढं पाणी देता येतं. नदी मात्र देईल तेवढं घ्यावं लागतं.

बाबा आले होते तेव्हा त्यांना मी या पाळीवर घेऊन गेले. ते पाळीवरून अर्धा किलोमीटर काही न बोलता चालले. मग म्हणाले, “पूर आला तर काय करतो हा?” हा म्हणजे क्रचीन. जणू तो शेजारच्या उपविभागातला शाखा अभियंता.

मी त्यांना नकाशा दाखवला. तलावाच्या वरच्या अंगाला, नदी खोऱ्यात शिरते तिथून, क्रचीनने एक नवी नदी काढली. नावही तेच, ‘नोव्हा रेका’, नवी नदी. साडेतेरा किलोमीटर लांब. पुराचं जादा पाणी ती उचलते आणि पूर्वेकडच्या नेझार्का नदीत नेऊन सोडते. जुन्या पात्रातून तलावाला झेपेल तेवढंच पाणी येतं.

बाबा नकाशा बराच वेळ बघत राहिले. “नदी अडवणारे खूप बघितले,” ते म्हणाले. “आधी तिला दुसरी वाट काढून देणारा शहाणा. आणि ही नेझार्का पुढे कुठे जाते?”

पुढे वेसेलीला पुन्हा लुझ्नित्सेलाच मिळते. म्हणजे तलाव वाचला, पण सगळं पाणी शेवटी वेसेलीकरांच्या उंबऱ्यावर. बाबा हसले. म्हणाले, “तेव्हाही खालच्या गावाला कुणी विचारत नव्हतं तर.”

क्रचीनची परीक्षा २००२ च्या ऑगस्टमध्ये झाली. त्या महिन्यात मध्य युरोपात जो पाऊस पडला, त्याने प्रागची भुयारी रेल्वे बुडवली. लुझ्नित्से पुढे व्हल्टाव्हाला मिळते आणि व्हल्टाव्हा प्रागला जाते. रोझम्बेर्क तलावात एरवी सुमारे साठ लाख घनमीटर पाणी असतं. त्या दिवसांत तो पाच कोटी घनमीटरांहून जास्त पाणी पोटात घेऊन उभा होता. पाणी काठ सोडून रानात, कुरणांत पसरलं. पाळ तोलून धरली गेली. चारशे बारा वर्षांची मातीची पाळ, तिच्यावर ओकांची मुळं, आणि वाळूच्या पोत्यांसह धावणारी माणसं. वेसेलीत पाणी शिरलं ते शिरलंच. पण पाळ गेली असती तर काय झालं असतं, त्याचा विचार खालच्या खोऱ्यात कुणी करू इच्छित नाही. मासे वाढवायला बांधलेल्या तलावाने राजधानीच्या वाटेवरचा पूर अडवून धरला. क्रचीनने याचे पैसे नक्की लावले असते.

त्याच्याबद्दलच्या दंतकथांत सैतान असतोच. सैतानाच्या मदतीशिवाय एवढी पाळ कशी होईल, असं लोक म्हणायचे. पाळ झाली ती वेठबिगारीने. रयतेला धन्याच्या कामावर यावंच लागे. सैतानाची गोष्ट सांगायला सोपी पडते, मजुरांची नावं कुठे लिहिलेली नसतात. क्रचीन १६०४ मध्ये गेला. दुसऱ्या लग्नातून त्याला मुली झाल्या, वारस मुलगा नाही.

हे सगळं चालू असतानाच गावात एक वेगळाच संसार नांदत होता. १५८६ ते १५८९ या काळात इंग्लंडच्या राणीचा ज्योतिषी जॉन डी आणि त्याचा साथीदार एडवर्ड केली हे व्हिलेमचे पाहुणे म्हणून त्रेबोनच्या वाड्यात राहिले. दोघांचं काम सोनं बनवणं आणि स्फटिकात बघून देवदूतांशी बोलणं. बघायचं काम केलीचं, लिहून घ्यायचं डीचं. १५८७ च्या वसंतात देवदूतांनी केलीमार्फत आज्ञा केली की दोघांनी सगळं सामाईक ठेवावं, बायकासुद्धा. डी हादरला, रडला, आणि अखेर करारावर सही केली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत त्याच्या बायकोला मुलगा झाला. त्याच्या नावात गावाचं नाव गुंफलेलं होतं: थिओडोर ट्रेबोनियानस. या प्रकरणावर गावातले मार्गदर्शक फार चवीने बोलतात. मला त्यात गंमत वाटते ती वेगळीच. एकाच धन्याच्या पैशावर वाड्यात दोन विद्वान पाऱ्यातून सोनं काढू बघत होते, आणि वाड्याबाहेर एक कारभारी चिखलातून खरोखर काढत होता.

सोनं तरीही पुरलं नाही. व्हिलेमची चार लग्नं झाली, मूल एकही नाही, कर्ज मात्र डोंगराएवढं. १५९२ मध्ये तो गेला आणि धाकटा भाऊ पेत्र व्होक धनी झाला. त्यालाही मूल नव्हतं. कर्ज फेडायला त्याने घराण्याचं मुख्य ठाणं क्रुम्लोव सम्राट रुडॉल्फ दुसऱ्याला विकलं आणि १६०२ मध्ये तो त्रेबोनला राहायला आला. बरोबर आणलं ग्रंथालय, सुमारे दहा हजार ग्रंथांचं, आणि घराण्याचे दप्तर. दप्तराची आणि घराण्याच्या इतिहासाची जबाबदारी व्हात्स्लाव ब्रेझान या विद्वानावर होती. म्हातारपणी पेत्र व्होकने आणखी एक गोष्ट केली. १६११ मध्ये पासाऊचं भाडोत्री सैन्य बोहेमियात घुसून लूटमार करत होतं. पगार थकल्यामुळे ते हलेना. पेत्र व्होकने आपली चांदी देऊन त्यांची थकबाकी भागवायला मदत केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो वारला आणि त्याच्याबरोबर रोझम्बेर्क घराणं संपलं. ग्रंथ पुढे प्रागला गेले आणि १६४८ मध्ये स्वीडिश सैन्याने लुटून नेले. दप्तर राहिलं. त्रेबोनच्या वाड्यात आज सरकारी अभिलेखागार आहे. दप्तर लुटण्यात लुटारूंना कधीच रस नसतो, इतिहासकारांचं नशीब.

मग १६६० पासून श्वार्झेनबेर्ग. जवळजवळ पावणेतीनशे वर्षं त्यांचा अंमल. स्व्येत तलावाच्या पलीकडच्या काठाला रानात त्यांचं दफनगृह आहे, १८७० च्या दशकात बांधलेलं, लाल विटांचं, उंच टोकदार कमानींचं. या घराण्याच्या तलावांवर योसेफ शुस्ता नावाचा अधिकारी होता. एकोणिसाव्या शतकात तलावांचा धंदा बसला होता. धान्याला आणि बीटच्या साखरेला चांगला भाव होता, बोहेमियात ठिकठिकाणी तलाव बुजवून शेतं केली जात होती. शुस्ताने कार्प मासे चिरून त्यांच्या पोटात काय सापडतं ते बघितलं. कार्प चिखल खाऊन वाढतो हा जुना समज. पोटात निघाले पाण्यातले सूक्ष्म किडे आणि तळातल्या अळ्या. म्हणजे मासा वाढवायचा तर आधी किडे वाढवा, त्यासाठी तलावाला शेतासारखं खत द्या, चुना द्या, मधूनच कोरडं ठेवून तळ नांगरा. १८८८ मध्ये त्याने हे पुस्तकरूपाने मांडलं आणि युरोपातला कार्पचा धंदा बदलला. त्याच दशकात गावातल्या शाळामास्तराने, व्हात्स्लाव हुत्सेकने, पीटच्या गरम चिखलाने सांधे शेकायचं स्नानगृह काढलं आणि मुलीच्या नावावरून त्याला बेर्ता नाव दिलं. ज्या चिखलाने पिकं मारली त्याच चिखलात आता गुडघे बरे करायला लोक पैसे देऊन बसतात.

श्वार्झेनबेर्गांची मालमत्ता १९४० मध्ये नाझींनी जप्त केली. युद्धानंतर, १९४७ मध्ये, या एका घराण्यासाठी खास कायदा करून ती देशाची झाली. पाळ आणि पाट यांना त्याने काही फरक पडला नाही, मालकाच्या नावाची पाटी फक्त बदलली.

ऑक्टोबरात एकदा तरी इथे यायला हवं, तलाव रिकामे होतात तेव्हा. मोरी उघडतात आणि तलाव हळूहळू उतरू लागतो. रोझम्बेर्कला तर कित्येक दिवस लागतात. शेवटी पाळीलगतच्या सर्वांत खोल खड्ड्यात थोडं पाणी आणि सगळे मासे. पहाटेच माणसं छातीपर्यंतचे रबरी पोशाख चढवून उतरतात आणि जाळं ओढत वर्तुळ लहान करत आणतात. मग पाणी उकळल्यासारखं दिसू लागतं. ते मासे असतात. लांब दांड्याच्या झोळ्यांनी मासे उचलायचे, टेबलावर ओतायचे, कार्प एकीकडे, पाइक दुसरीकडे, लहान पुन्हा वेगळे. हात इतके भरभर चालतात की बघताना डोळे थकतात. काठावर धुकं, डिझेलचा वास, चिखलाचा वास, तळलेल्या माशाचा वास, आणि थंडी घालवायला रम घातलेला गरम चहा. माझ्या शेजारच्या आजोबांनी नातवाला खांद्यावर घेतलं होतं आणि ते त्याला माशांची नावं पाठ करायला लावत होते. पोराचं लक्ष भजी विकणाऱ्याकडे. भजी म्हणजे कार्पचीच.

तीन-चार वर्षं वाढलेला कार्प मग लगेच बाजारात जात नाही. स्वच्छ वाहत्या पाण्याच्या हौदांत त्याला काही आठवडे उपाशी ठेवतात, म्हणजे चिखलाचा वास जातो. त्रेबोनच्या कार्पला २००७ पासून युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे. जमिनीचं नाव घेऊन विकला जाणारा मासा, आणि जमीन तर बुडवलेली.

सगळं छान आहे असंही नाही. विसाव्या शतकात शुस्ताची शिकवण फारच मनावर घेतली गेली. खत वाढलं, दाणा वाढला, एका तलावात मासे वाढले. कार्प तळ उकरतो, गाळ ढवळतो, सूक्ष्म किडे संपवतो, मग शैवाल बेसुमार वाढतं. ऑगस्टमध्ये कित्येक तलाव वाटाण्याच्या आमटीसारखे हिरवे असतात, त्यात पोहायची इच्छा होत नाही. पाणवनस्पती आणि पाणपक्षी त्यामुळे मागे हटले. संवर्धनवाले म्हणतात मासे कमी करा, मासेवाले म्हणतात पाणकावळे आणि पाणमांजरं आमचा माल खातात, भरपाई द्या. पाणमांजराने खाल्लेल्या माशांची भरपाई कायद्याने मिळतेही. नदीकाठाला वाळू उपसण्याचे खड्डे आहेत, त्यांचंही पाणी आता तलावासारखंच दिसतं. श्तेपानेकच्याच काळातला ओपातोव्हित्स्की तलाव आहे, त्याच्या पाळीखालच्या जुन्या गिरणीत १९६० पासून शास्त्रज्ञ शैवाल मुद्दाम वाढवतात, प्रयोगासाठी. एका ठिकाणी जे संकट, तेच शंभर पावलांवर संशोधन.

मला यात कोणाची बाजू घ्यावी ते नेहमी सुचतंच असं नाही. संवर्धन करायचं तर कशाचं? कोरडी पडलेली दलदल पुन्हा आणायची की क्रचीनने बुडवलेली जमीन जपायची? समुद्रगरुड तलावांमुळे आला, म्हणजे तोही मत्स्यव्यवसायाचाच पोटभाडेकरू. तरी माझं झुकतं माप पाण्याकडे. श्तेपानेकच्या पाटाने शिकवलेली एक गोष्ट म्हणजे पाणी सावकाश, मोजून, परत परत वापरायचं. तलावात जास्त मासे कोंबण्याची हाव ही क्रचीनच्या वंशाची.

आणि तरीही डिसेंबरात मी त्याच रांगेत उभी असते. नाताळच्या आधीच्या आठवड्यात प्रागच्या फुटपाथांवर निळे टब येतात, टबांत पाणी, पाण्यात कार्प, मागे रबरी एप्रन घातलेला विक्रेता. चोवीस तारखेच्या रात्री प्रत्येक घरात तळलेला कार्प आणि बटाट्याची कोशिंबीर हवीच. ही प्रथाही काही फार पुरातन नाही, घराघरांत ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि त्यानंतर रुळली, पण आता ती कुणालाही हलवता येणार नाही. काही घरांत मासा आधी दोन दिवस न्हाणीघरातल्या टबात पोहतो, पोरं त्याला नाव ठेवतात, मग तो मारायचा कोणी यावर भांडण. शेवटी तो नदीत सोडला जातो आणि जेवायला डुकराच्या मांसाचे तुकडे तळले जातात. थंडगार व्हल्टाव्हात सोडलेला तलावातला मासा जगत नाही असं जाणकार दरवर्षी सांगतात. लोक दरवर्षी सोडतात.

माझी पाळी आली. विक्रेत्याने झोळीत दीड-दोन किलोचा एक उचलला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, “जिवंत की मारून?”

“मारून,” मी म्हटलं. “साफ करून, तुकडे करून. आणि थोडे खवले वेगळे बांधून द्या, पाकिटात ठेवायला.” वर्षभर पैसे टिकतात म्हणे. त्याने खवले कागदात गुंडाळले, मी विचारलं मासा कुठला, आणि त्याने असा चेहरा केला की जणू हा काय प्रश्न झाला.